परिक्रमेला निघताना मन कसे असावे?

प्रश्न विचारणारे गृहस्थ बँकेतून नुकतेच निवृत्त झाले आहेत. येत्या कार्तिकात ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघायचे त्यांनी पक्के केले आहे. त्यांचा एक मित्र आणि एक मावसबहीण मागच्या हंगामात त्याच वाटेने, थोड्याफार दिवसांच्या अंतराने चालले होते. मित्र गुजरातेतल्या अंकलेश्वरहून परत आला. अस्वच्छता, रोजचे तेच टिक्कड म्हणजे जाड भाकरी, रात्री कुठे पाठ टेकायची याचा पत्ता नाही, असे सांगत राहिला. बहीण परिक्रमा पूर्ण करून आली आणि पुन्हा जायचे म्हणते. वाट एक, आश्रम तेच. मग फरक मनोवृत्तीचाच का? असेल तर ती आधीपासून कशी तयार करावी, जप-ध्यान सुरू करावे का, आणि पत्नीही येते म्हणते तिला न्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

फरक मनोवृत्तीचाच आहे. मी पायी परिक्रमा केली आहे, नंतर काठावरच्या गावांत राहून काम केले आहे, आणि दसरा झाला की निघणाऱ्यांशी बोलण्यात माझे दिवस जातात. त्या अनुभवावर सांगते, की घरी बसून तयार केलेले मन वाटेतल्या बडवानीपर्यंतसुद्धा टिकत नाही. पहिल्या आठवड्यात पायाला फोड येतात, चौथ्या रात्री शेजारचा घोरतो, आणि सकाळी ठरवलेली शांतता दुपारपर्यंत संपते. टिकतात ते निघण्यापूर्वी घेतलेले काही साधे निर्णय: परत कधी यायचे, पिशवीत काय घ्यायचे, पैसे किती ठेवायचे. या निर्णयांतून मन आपोआप घडत जाते. आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच कसब आहे, दुसऱ्याच्या हातून घेता येण्याचे. आयुष्यभर पगार मिळवून, बिले भरून, कोणाचे काही देणे न ठेवता जगलेल्या आपल्यासारख्यांना तेच सर्वांत जड जाते.

परिक्रमेचे नियम याच कसबासाठी बांधले असावेत असे मला वाटते. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. ती उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठाने समुद्रापर्यंत जायचे, नावेने पलीकडे उतरायचे, उत्तर काठाने उगमापर्यंत चढायचे आणि पुन्हा दक्षिण काठाने ओंकारेश्वरला यायचे. म्हणजे २६०० किलोमीटरच्या पुढे, आणि वळसे धरले तर बरेच जास्त. उपनद्या ओलांडलेल्या चालतात, मैया, म्हणजे नर्मदा, मात्र कुठेही ओलांडायची नाही. याची चुणूक ओंकारेश्वरलाच मिळते. ज्योतिर्लिंगाचे मंदिर बेटावर आहे. एकदा संकल्प घेतला की पूल समोर असूनही तिकडे जाता येत नाही, ते दर्शन परिक्रमा संपल्यावर. नदीत साबण लावायचा नाही. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की उद्यासाठी अन्नाचा साठा करायचा नाही. सदावर्तात, म्हणजे फुकट अन्न किंवा शिधा देणाऱ्या ठिकाणी, कोरडा शिधा मिळाला तर शिजवून घ्यायचा, कोणी ताट वाढले तर जेवायचे, काहीच नसेल तर मागायचे.

हा शेवटचा नियम शहरातले लोक सर्वांत आधी मोडतात. पिशवीत खाकऱ्याची पाकिटे, सुकामेवा, झटपट पोह्यांचे डबे. त्यांना वाटते, आपण कोणावर भार नको. भावना चांगली आहे, पण परिणाम उलटा होतो. ज्याच्या पिशवीत रात्रीचे जेवण आहे तो संध्याकाळी गावात शिरताना कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. त्याला फक्त जागा हवी असते, मग तो जागेचे परीक्षण करतो: फरशी ओली आहे, गोधडीला वास येतो, संडास लांब आहे. ज्याच्या पिशवीत काही नाही त्याला पहिल्या दारात 'नर्मदे हर' म्हणावेच लागते. आतून विचारणा होते, 'कितनी मूर्ति हैं?' तिकडे परिक्रमावासी मूर्ती म्हणून मोजतात. तुम्ही सांगता, दोन. 'आसन लगाओ, बाबाजी.' तिथून पुढे तुम्ही त्या घराचे पाहुणे असता, आणि पाहुणा गोधडीला नावे ठेवत नाही. इतक्या साध्या गोष्टीने तक्रारीची अर्धी जागा बंद होते.

तुमच्या मित्राच्या टिक्कडांबद्दल बोलू. कार्तिकात निघालात की पहिले दोन-तीन आठवडे निमाडात जातात. तो कापसाचा मुलूख, आणि तेव्हा वेचणी ऐन भरात असते. तुम्हाला वाढणारी बाई दिवसभर वाकून कापूस वेचून आलेली असते. तिच्या घरी स्वतःची पाच माणसे, वर तुम्ही चार. ती चुलीवर मक्याच्या किंवा ज्वारीच्या जाड भाकरी थापते, तुरीची डाळ करते, कधी नुसती मिरचीची चटणी. पुढे गुजरातेत खिचडी-कढी मिळेल, मंडला-दिंडोरीकडे गोंड आणि बैगा वस्त्यांत भात आणि कोदो-कुटकीची पेज. ज्या घरात जे पिकते तेच तुमच्या पानात पडते. 'रोज तेच' ही तक्रार खोटी नाही, पण ती खानावळीत शोभते. त्या घरातली माणसेही रोज तेच खातात, आणि तुम्ही आलात म्हणून त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याची भाकरी कमी झालेली असते. हे ज्याला दिसले त्याला डाळीची चव वेगळी लागते. ज्याला दिसले नाही त्याला कितीही जप केला तरी लागणार नाही.

दिसण्यासाठी काय करावे, तर पोचल्यावर अंथरुणावर आडवे होऊन फोन काढू नये. चुलीपाशी बसावे. भाजी चिरावी, लसूण सोलावा, पाणी आणावे, घरातल्या म्हाताऱ्याचे ऐकावे. तिकडची निमाडी बोली पहिल्यांदा कळत नाही, आठवड्याभरात कळायला लागते. बँकेत होतात म्हणून तुमच्यासाठी एक खास काम आहे. गावोगाव लोकांच्या हातात पासबुके आणि कसलेकसले अर्ज असतात, आणि नीट वाचून समजावणारा माणूस मिळत नाही. कोणी पुढे केले तर बसून वाचून दाखवा. त्या संध्याकाळी तुम्ही जेवणाची परतफेड केली असे मात्र समजू नका. तो हिशेब सुरू झाला की पाहुणेपण संपते.

पैशांचे याच्याशी जोडूनच सांगते. जुनी रीत पैसे न ठेवण्याची आहे. औषधपाण्यासाठी आणि अचानक घरी परतावे लागले तर, थोडे जवळ असावेत हे माझे मत. आश्रमात पेटी असेल तर त्यात टाका. गरीब घरातल्या बाईच्या हातात जेवणाचे म्हणून नोट कोंबू नका, तिने ते जेवण तुम्हाला विकलेले नसते. नर्मदेच्या काठावर भट्ट्याणला सियाराम बाबा होते, २०२४च्या डिसेंबरात गेले. ते कोणाकडूनही दहा रुपयांपेक्षा जास्त दान घेत नसत. मोठी रक्कम घेऊन येणाऱ्यांनाही तोच नियम. देणाऱ्याच्या डोक्यात आपण किती दिले हे शिरू नये, याची इतकी सोपी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता परतीची तारीख. अनेकजण घरी सांगून निघतात, अमुक दिवसांत येतो, मार्चमध्ये पुतणीचे लग्न आहे. मग दिवसाला किती किलोमीटर याचा भागाकार होतो, आणि तो भागाकार रोज संध्याकाळी मानगुटीवर बसतो. जुन्या रीतीत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागत, कारण चातुर्मासात एका जागी थांबायचे. आजचे पायी चालणारे बहुतेक चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात. त्यात चूक नाही. पण तारीख उघडी ठेवा. समुद्रापाशी पोचलात की का ते कळेल. विमलेश्वर-कठपोरच्या किनाऱ्यावरून पलीकडच्या काठावर मिठी तलाईला नाव जाते ती भरतीच्या पाण्यावर. भरती मध्यरात्री असेल तर मध्यरात्री निघायचे, माणसे पुरेशी जमली नसतील किंवा समुद्र खवळला असेल तर थांबायचे. तिथे एखादा दिवस, कधी दोन दिवस, चिखल आणि खारे वारे यांच्याशिवाय काही नसते. माझ्या पाहण्यातली सर्वांत जास्त भांडणे त्या किनाऱ्यावर होतात, आणि ती नेहमी तारीख ठरवून आलेल्यांची असतात. तारीख नसलेले लोक त्याच वाळूवर भजने म्हणत बसलेले असतात, कपडे वाळवत असतात, एकमेकांच्या पायांच्या फोडांना पट्ट्या बांधत असतात. नाव दोघांनाही एकाच वेळी मिळते.

तारखेसारखीच यादीही त्रास देते. महेश्वरचे अहिल्याबाईंचे घाट, गरुडेश्वरची टेंबेस्वामींची समाधी, नेमावर, भेडाघाट, अमरकंटक अशी ठिकाणे मनात ठेवून चालणारा मधल्या गावांना नुसते अंतर समजतो. आपल्याकडच्या लोकांचे गरुडेश्वरला विशेष असते, ते साहजिक आहे. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी, १९१४ साली तिथे समाधिस्थ झाले आणि मराठी दत्तभक्तांना नर्मदाकाठ आपला वाटू लागण्यात त्यांचा वाटा फार मोठा. पण परिक्रमेत प्रसिद्ध ठिकाणी गर्दी असते, बसने आलेले जथे असतात, ध्वनिक्षेपक असतात. ज्यासाठी लोक पुन्हा जातात ते बहुतेक वेळा नाव आठवत नसलेल्या गावात घडलेले असते.

चमत्काराच्या अपेक्षेबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे. परिक्रमेच्या गोष्टींत नेहमी एक येते: वाट चुकलो, अंधार पडला, आणि एक लहान मुलगी किंवा म्हातारी कुठूनशी आली, वाट दाखवून दिसेनाशी झाली, ती मैयाच होती. ज्यांना असा अनुभव आला त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही, माझीही श्रद्धा आहे. पण हल्ली लोक त्या गोष्टी ऐकून निघतात आणि आपली म्हातारी कधी भेटेल याची वाट बघत चालतात. झाडाखाली शेळ्या घेऊन बसलेली खरी म्हातारी त्यांना 'आगे पानी नहीं है, यहीं से भर लो' म्हणते. तिचे नाव काय, ती कुठल्या पाड्यावरची, हे कोणी विचारत नाही. तिला देवी करून टाकले की तिचे आभार मानायचे राहून जातात. तिने तुम्हाला मदत केली ती तिच्या स्वभावाने केली, आणि याहून मोठे काही हवे असेल तर मग नर्मदेकाठी तुम्हाला काहीच पुरणार नाही.

भीतीही अशीच माणसे दिसू देत नाही. बडवानीच्या पुढे सातपुड्यात शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगराळ जंगल, लागते. तिचा मोठा भाग आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत आहे. पूर्वी इथे भिल्ल 'मामा' परिक्रमावासींना लुटत, अंगावरचे कपडेसुद्धा घेत, हे जुन्या प्रवाशांनी नोंदवून ठेवलेले आहे. आज त्याच भिल्ल आणि पावरा वस्त्यांत परिक्रमावासींच्या मुक्कामाची सोय होते, चहा मिळतो, जेवण मिळते. तरी पुण्या-मुंबईहून आलेले लोक झाडीत शिरताना पाकीट पोटाशी बांधून, घोळक्याने, घाईघाईने चालतात. जो घाबरून चालतो त्याला उतारावरच्या घरांत फक्त धोका दिसतो, आणि तो बाहेर पडल्यावर 'सुटलो' म्हणतो. मला वाटते झाडीसारखा डोंगर-पाण्याचा, माणसांचा मुलूख साऱ्या वाटेवर दुसरा नाही.

भीतीच्या उलट टोकाला दया आहे आणि तिने नुकसान जास्त केले आहे. झाडीतल्या मुलांना चॉकलेट-बिस्किटे वाटण्याची पद्धत पडली आहे. दर हंगामात हजारो हात गोळ्या देऊन गेले, म्हणून आता मुले शाळेच्या वेळात वाटेवर उभी राहून हात पसरतात. ज्यांच्या घरात आपण जेवतो त्यांच्याच मुलांना आपण मागायला शिकवले. कृपा करून गोळ्यांची पिशवी नेऊ नका. द्यायचेच असेल तर गावच्या शाळेत जाऊन गुरुजींना विचारा, काय कमी आहे.

धरणांचे माहीत असावे, नाहीतर मोठा विरस होतो. लोक मनात वाहत्या नदीचे चित्र घेऊन येतात. प्रत्यक्षात बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांमुळे कित्येक टप्प्यांत नर्मदा म्हणजे स्थिर, पसरलेले पाणी आहे, आणि वाट तिच्यापासून दूर डांबरी रस्त्याने जाते. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१९च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा पूर्ण भरले, तेव्हा बडवानीजवळचा राजघाट आणि काठची गावे बुडाली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर त्याआधीच पाण्याखाली गेले होते, नवे गोरा येथे बांधले आहे. 'मैया दिसतच नाही' म्हणून हिरमुसणारे मी पाहिले आहेत. त्या रस्त्यावर एखाद्या पुनर्वसन वसाहतीत मुक्काम करा आणि जुने गाव कुठे होते ते विचारा. माणसे तुम्हाला काठावर नेतात, पाण्याकडे बोट करून सांगतात, तिथे आमचे चिंचेचे झाड, तिथे घाट. त्यांच्याजवळ बसल्यावर मैया दिसत नाही ही तक्रार माझ्या तरी तोंडून निघाली नसती.

पायांविषयी थोडक्यात, पण हे सगळ्यात आधी वाचा. ज्याला लोक मनोवृत्ती म्हणतात तिचा निम्मा भाग पायांत असतो. गुडघा दुखत असताना कोणाचेही मन मोठे राहत नाही. पिशवी सात-आठ किलोंच्या वर नको. बूट जुने, सवयीचे, बोटांपुढे जागा असलेले. निघण्याआधी दोन-तीन महिने भरलेली पिशवी घेऊन रोज चाला, आठवड्यातून एकदा लांब चाला. पहिल्या पंधरवड्यात वीस किलोमीटरच्या आत थांबा, शेजारचा तीस चालला तरी. अमरकंटकच्या हिवाळी रात्रीसाठी एक चांगले ऊबदार पांघरूण हवेच, आणि एप्रिल उजाडला तर दुपारी अकरा ते चार सावलीत.

आणि मनोवृत्तीचे औषध सगळ्याला लावू नका. ताप आला तर दवाखाना. छातीत दुखले तर ताबडतोब थांबायचे. बाईमाणसाला एखाद्या मुक्कामी अवघड वाटले तर तिथून उठून दुसरीकडे जायचे, रात्र झाली असली तरी. तिला 'भाव चांगला ठेव' म्हणणारे सोबती मला भेटले आहेत, त्यांचे कधीही ऐकू नये. तुमचा मित्र परत आला यातही कमीपणा नाही. बसने पंधरा-वीस दिवसांत करणाऱ्यांनाही कोणी हलके लेखू नये. ज्यांना पायी शक्य नाही त्यांची आस त्यात असते. फक्त त्या प्रवासात मागण्याची वेळ येत नाही, त्यामुळे मी इथे सांगते आहे ते त्याला फारसे लागू पडणार नाही.

जप-ध्यान करत असाल तर चालू ठेवा, नसाल तर परिक्रमेसाठी मुद्दाम सुरू करण्याची गरज नाही. त्याऐवजी दिवाळीपूर्वी एक करा. ज्या नातेवाइकाकडे तुम्ही संकोचाने जात नाही, कारण त्यांची जागा लहान आहे किंवा परिस्थिती बेताची आहे, त्यांच्याकडे चार दिवस राहायला जा. मिठाईचा मोठा खोका न नेता. ते देतील ते खा, ते सांगतील तिथे झोपा, आणि काय काय बोचले ते लक्षात ठेवा. तुमची खरी तयारी तिथे होईल.

राहता राहिला पत्नीचा प्रश्न. त्या येते म्हणतात तर जरूर न्या, पण 'नेणे' हा शब्द सोडून द्या. परिक्रमेत जोडप्यांचे बिनसते ते बहुधा चालण्याच्या वेगावरून आणि कुठे थांबायचे हे ठरवण्यावरून, आणि ठरवणारा नेहमी एकच असतो. दोघांची पिशवी वेगळी भरा, पैसे दोघांकडे निम्मे ठेवा, नकाशा दोघांच्या फोनमध्ये असू द्या. सकाळी पुढचा मुक्काम एकत्र ठरवा आणि मग आपापल्या वेगाने चाला. तिकडे त्यांना 'माताराम' म्हणून हाक मारतील, घरातल्या बायका चुलीपाशी आत बोलावतील, आणि जी घरे तुम्हाला ओसरीपर्यंतच दिसतील ती त्यांना आतून दिसतील. रात्री त्यांनी सांगितलेले ऐका. ओंकारेश्वरला गोमुख घाटावर परिक्रमाभर सोबत न्यायची नर्मदेच्या पाण्याची पूजेची बाटली भरताना जोडपी सहसा एकच भरतात. तुम्ही दोन भरा. वाटेत तुमच्यापैकी एकाला परतावे लागले, तर दुसऱ्याला पुढे जाता आले पाहिजे.